धाकली पळते

सुषमा डहाणूला गेली होती ती एका पिंगळ्यासाठी. कुत्री आणायचं तिच्या मनातही नव्हतं.

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. अंगणवाडीमागच्या आंब्यात तुटक्या पतंगाचा मांजा लोंबत राहिला होता आणि त्यात एक पिंगळा पंख अडकून उलटा टांगलेला मुलांना दिसला. सुषमा त्या अंगणवाडीची सेविका. तिने शिडी लावली, कात्रीने मांजा कापला, पिंगळ्याला टोपलीत ठेवून वर टॉवेल बांधला. काम संपलं असं तिला वाटलं, पण चौदा मुलं तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"बाई, तो मरणार?" एकीने विचारलं.

आता टोपली घेऊन निघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तलासरी तालुक्यातल्या डोंगराकडच्या त्या पाड्यावरून डहाणूला जायचं म्हणजे आधी नाक्यापर्यंत चालत, मग एक शेअर ईको, मग दुसरी ईको. पिंगळा वाटभर टोपलीत चोच वाजवत होता आणि गाडीतली माणसं सुषमापासून सरकून बसत होती.

डहाणूला एका चिकूच्या वाडीमागे जखमी प्राण्या-पक्ष्यांचं केंद्र होतं. तिथल्या डॉक्टर मयुराने पिंगळा आत नेला. सुषमा चपला काढून बाहेरच्या बाकावर बसली. कोणीतरी तिला चहा आणून दिला.

तेवढ्यात आवाराच्या टोकाकडून एक तांबूस कुत्री तिच्या दिशेने निघाली. निघाली म्हणजे काय, दुसऱ्या पावलालाच डावीकडे कलंडली. उठली. मान डुगडुगत होती आणि चार पाय चार दिशांना चालले होते. सुषमाला वाटलं, हिला कोणी दारू पाजली की काय. कुत्री पुन्हा पडली, या वेळी हनुवटीवर. पुन्हा उठली. शेपूट मात्र एकदाही थांबली नाही. वीसेक पावलांच्या अंतरात ती सहा-सात वेळा पडली आणि सुषमाच्या चपलांपाशी येऊन थांबली. तोंड चपलेजवळ नेलं की मान जास्तच थरथरायची, नेम चुकायचा. एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चप्पल तोंडात आली. मग चप्पल घेऊन ती पळायला निघाली आणि तीन पावलांवर चपलेसकट आडवी झाली.

सुषमा मोठ्याने हसली. मग तिचं हसणं मधेच थांबलं, कारण कुत्री पडल्या पडल्या मान वळवून तिच्याकडे बघत होती. माझ्यामागे येतेस ना, असं विचारावं तसं.

"जेली नाव ठेवलंय आमच्या मुलांनी तिचं," मयुरा बाहेर येत म्हणाली. "पिंगळा जगेल, सुषमाताई. पंख शिवलाय. तुमच्या चपलेचं काही सांगता येत नाही."

"हिला काय झालंय, मॅडम?"

"जन्मापासून अशी आहे. आई गाभण असताना तिला काहीतरी संसर्ग झाला असणार. पिल्लाचा लहान मेंदू नीट वाढला नाही. तोल सांभाळायचं काम त्याचं असतं. हिला दुखत काही नाही. हे वाढणार नाही आणि बरंही होणार नाही. हिच्यासाठी जमीन कायम हलतीच असते म्हणा ना."

सुषमाने कप खाली ठेवला.

"माझा बा पण हेच म्हणतो," ती म्हणाली.

सुषमाचा बाप झिपरू. पंचक्रोशीत त्याला घरं बांधणारा झिपरू म्हणून ओळखत. तरुणपणी त्याने कारवीच्या कुडाची घरं बांधली, पुढे विटा आणि सिमेंट आल्यावर तेही शिकला. साठेक घरं त्याच्या हातून उभी राहिली असतील. मग काही वर्षांपूर्वी त्या भागात जमिनीच्या पोटातून गडगडाट यायला लागला. आधी आवाज, मग धक्का. कधी आठवड्याने, कधी एकाच दिवशी चार. भिंतींना चिरा गेल्या, लोक थंडीत लेकरांना घेऊन तंबूत झोपले. एका दुपारी शेजारच्या हिराबाईच्या घराची मागची भिंत कोसळली. हिराबाई भांड्यातलं पाणी फेकायला नुकतीच बाहेर आली होती म्हणून वाचली. ती भिंत झिपरूने बांधलेली होती.

हिराबाईने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. "जमीनच हलली, दादा, तू काय करणार?" असं तीच त्याची समजूत काढत राहिली. पण झिपरूने त्या दिवशी थापी ठेवली ती ठेवलीच. घरात झोपणं सोडलं. अंगणात आंब्याखाली मांडव घालून बाजेवर राहू लागला. पावसाळ्यात फार तर पडवीपर्यंत यायचा, उंबरा ओलांडायचा नाही. पुढे धक्के कमी झाले, लोक आपापल्या घरात गेले, पण झिपरूची जमीन हलायची थांबली नाही. बसल्या जागी तो बाजेची कड घट्ट धरायचा. "आला बघ," म्हणायचा. भांड्यातलं पाणी स्थिर असायचं. डॉक्टरांनी कान तपासले, रक्तदाब तपासला, गोळ्या दिल्या. काही सापडलं नाही. पाय धडधाकट असून तो काठीशिवाय पाऊल टाकेना, आणि काठी असूनही दिवसेंदिवस कमी कमी चालू लागला.

हे सगळं सुषमाने मयुराला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की बाला चक्कर येते. मग विचारलं, "हिला न्यायला कोणी येत नाही का?"

"दोन घरांनी नेली आणि आणून सोडली. वाईट नव्हती ती माणसं. पण घरभर गुळगुळीत फरशी. तिच्यावर ही उभीच राहू शकत नाही, सारखी घसरते. हनुवटी फुटून यायची."

"आमच्याकडे फरशी नाही, मॅडम. शेणाने सारवलेली जमीन आहे."

मयुरा खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "जिना आहे? विहीर उघडी आहे? रस्ता किती लांब?"

पुढच्या रविवारी सुषमा नवऱ्याला, तुषारला, घेऊन पुन्हा आली. तुषार वापीच्या एका कंपनीत कामाला होता. सुषमा झिपरूची एकुलती एक, म्हणून तो लग्नानंतर सासऱ्याच्याच घरी राहायला आला होता. त्याने कुत्रीला चालताना पाहिलं, पडताना पाहिलं, आणि म्हणाला, "घरात एक उठायला तयार नाही, आता एक उभी राहायला तयार नाही."

"ती तयार आहे," सुषमा म्हणाली. "तिला जमत नाही एवढंच."

तुषारने फॉर्मवर सही केली.

पाड्यावर हसायला विषयच मिळाला. गावात कुत्र्यांना काय तोटा होता? दर उकिरड्यावर चार. आणि ही बाई डहाणूला जाऊन, कागदावर सही करून, पडणारी कुत्री घेऊन आली. हिराबाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "पडकं घर कमी होतं का गं, सुषमा?"

पहिले पंधरा दिवस सोपे नव्हते. कुत्री ताटलीत तोंड घालायला गेली की डोकं थडाथडा आपटायची, भात अंगणभर उडायचा. शेवटी सुषमाने जड पातेलं जुन्या टायरमध्ये बसवून उंचावर ठेवलं, आणि एका हाताने तिची छाती धरून तिला भरवू लागली. बाहेरचं करायला नेलं की कंबरेला धरून उभं राहावं लागायचं, नाहीतर ती त्यातच पडायची आणि अंघोळ आली. तुषारने शेतातल्या विहिरीला बांबूची ताटी लावली. जुन्या गोधडीचा तुकडा कापून सुषमाने तिच्या छातीला आणि हनुवटीखाली बांधायला गादी शिवली. ती गादी कुत्रीने दोन दिवस फाडायचा प्रयत्न केला. नेम चुकत असल्यामुळे गादी वाचली.

आणि खेळ! खेळण्याला तिच्याकडे वेळ-काळ नव्हता. वाऱ्यावर पान उडालं की त्यामागे, कोंबडी दिसली की तिच्यामागे. पहिल्या दिवशी कोंबड्या ओरडत छपरावर चढल्या. चौथ्या दिवशी त्यांना कळलं की हिच्याने होत नाही, आणि त्या तिच्या समोरून सावकाश चालायला लागल्या. कुत्रीला त्याचं काही वाटलं नाही. ती पडायची, लोळायची, आणि लोळणंही खेळातलंच असल्यासारखं पाय वर करून हवेत मारायची.

झिपरू बाजेवरून हे बघत होता. पहिल्या दिवशी त्याने फक्त विचारलं, "काय आणलंस?" नंतर काही बोलला नाही. पण सुषमा अंगणवाडीतून परत आली की बाज थोडी सरकलेली दिसायची. आधी तिचं तोंड रस्त्याकडे असायचं. आता अंगणाकडे.

एका संध्याकाळी ती चुलीपाशी असताना त्याने हाक मारली. "सुषमा, ये इकडे. हिला उठताना नीट बघ."

कुत्री नुकतीच पडली होती.

"बघ. आधी पुढचे दोन पाय बाहेर टाकते, लांब. असे तिरके. मग डोकं खाली घेते. आता थांबेल. थांबली बघ. आतलं हलणं जरा कमी व्हायची वाट बघते. मग मागचे पाय, तेही बाहेर तिरके. आणि मग अंग उचलते." झिपरूचे दोन्ही हात हवेत खांब रोवत होते. "हलत्या जमिनीवर घर असंच उभं राहील गं. पाया रुंद आणि वरचं वजन खाली. मला हे कळायला पन्नास वर्षं गेली. हिला कोणी शिकवलं?"

सुषमाच्या लक्षात आलं की बोलताना बापाने बाजेची कड सोडली होती.

"एका दिवसात किती वेळा पडते, ठाऊक आहे?" तो हळूच म्हणाला. "मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. तेवढे आकडे मला येत नाहीत. आणि एकदाही, एकदाही ती पडून राहिली नाही."

त्या दिवसापासून त्याने तिला जेली म्हणणं बंद केलं. ते नाव त्याच्या जिभेला वळतही नव्हतं. तो तिला धाकली म्हणू लागला. सुषमा थोरली आणि ही धाकली.

फेब्रुवारीच्या एका सकाळी धाकलीने त्याची काठी पळवली. घरात कोणी नव्हतं. हिराबाईने हा प्रकार कुंपणापलीकडून पाहिला आणि नंतर तो तिने निदान वीस जणांना सांगितला. काठी बाजेला टेकवून ठेवलेली होती. धाकलीने चार वेळा नेम चुकवला, पाचव्यांदा टोक पकडलं आणि काठी ओढत निघाली. लांब काठी तोंडात असल्यामुळे ती पडेना. काठीचं दुसरं टोक जमिनीवर घासत होतं, त्याचा तिला आधार मिळत होता. "ए! ए, आण इकडे!" झिपरू ओरडला. धाकली थांबली, मागे बघून शेपूट हलवली आणि पुढे निघाली. झिपरू उठला. बाज सोडली. दोन्ही हात पसरून, पाय फाकवून, एक पाऊल, मग थांबून दुसरं पाऊल, असा तो अंगणभर तिच्यामागे गेला. हिराबाई म्हणते की तो अगदी त्या कुत्रीसारखाच चालत होता. कुंपणापाशी त्याने काठी पकडली, पण लगेच घेतली नाही. ती एका टोकाने ओढत होती, हा दुसऱ्या टोकाने. आणि हा म्हातारा हसत होता.

त्याच्या डोक्यात काहीतरी घोळायला लागलं ते तेव्हापासून. संध्याकाळी त्याने तुषारला सांगितलं, "रविवारी कारवी आण. दोन भारे. आणि बांबू."

"कशाला, बाबा?"

"आण तर."

त्याने बसल्या बसल्या कूड विणायला घेतला. कारवीच्या काटक्या उभ्या, बांबूच्या कामट्या आडव्या. हात सगळं विसरले नव्हते. गुडघ्याएवढ्या उंचीचे लांबलचक कूड तयार झाले. मग ते पडवीपासून आंब्यापर्यंत दोन बाजूंनी रोवले, मधे धाकलीच्या अंगाला दोन्हीकडून जेमतेम जागा राहील एवढीच वाट ठेवून. खुंट रोवायला तो स्वतः उभा राहिला. प्रत्येक खुंट किंचित बाहेर कललेला. कुडाची आतली बाजू त्याने शेणमातीने लिंपून हाताने इतकी गुळगुळीत केली, की कुठे काटकी टोचू नये. खाली पेंढा पसरला. महिनाभर चाललं ते काम. मधेच त्याला हलल्यासारखं व्हायचं, तेव्हा तो आहे तिथे पाय पसरून उभा राहायचा, डोकं खाली घालायचा, वाट बघायचा आणि मग पुन्हा कामाला लागायचा.

काम संपलं त्या दुपारी सुषमा अंगणवाडी सुटल्यावर मुलांना घेऊनच घरी आली. हिराबाई आली. तुषारची सुट्टी होती. झिपरू आंब्याच्या बाजूला, वाटेच्या टोकाशी उकिडवा बसला आणि त्याने पायातली चप्पल काढून हातात धरली.

"धाकले!"

पडवीच्या टोकाला सुषमाने धाकलीला वाटेत सोडलं. ती निघाली, डावीकडे कलंडली. पण कलंडायला जागाच नव्हती. खांदा कुडाला लागला आणि ती सरळ झाली. उजवीकडे झुकली, पुन्हा कूड. ती क्षणभर थांबली. तिने आपल्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग तिने वेग घेतला. डावा कूड, उजवा कूड, डावा, उजवा, कान मागे गेलेले, जीभ बाहेर, पेंढा उडतोय. आयुष्यात पहिल्यांदा ती धावत होती. पडवीपासून आंब्यापर्यंत एकदाही न पडता ती झिपरूच्या छातीवर जाऊन आदळली आणि दोघेही मागे कोसळले.

मुलं तोंडं उघडी टाकून उभी होती. हिराबाईने पदर तोंडाशी नेला.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही तर पळते."

धाकली वळली आणि परत पळत पडवीकडे गेली. मग पुन्हा आली. मग पुन्हा गेली. दिवे लागायची वेळ झाली तरी ती थांबली नाही, आणि तिला थांबवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. झिपरू तिथेच मातीत बसून होता. त्याच्या दाढीत पेंढा अडकला होता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हे हिच्यात होतंच. आधीपासून होतं."

जाताना हिराबाई कुंपणापाशी थबकली. "दादा, माझी मागची बाजू अजून प्लास्टिकवर आहे," ती म्हणाली. "कुत्रीला भिंत बांधून दिलीस. मला कधी देतोस?"

झिपरू दाढीतला पेंढा वेचत राहिला.

एप्रिलमध्ये धक्का आला. सकाळचे साडेअकरा झाले होते. सुषमा मुलांना खिचडी वाढत होती. आधी तो ओळखीचा गडगडाट आला, डोंगराखालून ट्रक जावा तसा, आणि पाठोपाठ पत्रे खडखडले, भिंतीवरचा तक्ता खाली पडला. बऱ्याच दिवसांनी एवढा मोठा धक्का बसला होता. मुलं शिकवल्याप्रमाणे मैदानात पळाली. सुषमाने डोकी मोजली, चौदा भरली. आया धावत येऊन लेकरं घेऊन गेल्या तशी ती घराकडे पळाली.

उन्हामुळे धाकली सकाळपासून घरात, माजघरातल्या गारव्याला होती. आणि बा. या धक्क्यानंतर बाचं काय होणार? दोन-तीन महिन्यांत जे काही उभं राहिलं होतं, ते सगळं परत आडवं झालं असणार.

बाज रिकामी होती. काठी बाजेपाशी पडली होती. "बा!" ती ओरडली. "बा!"

"आत आहे," आवाज आला.

घरातून आला.

ती दारात उभी राहिली. माजघरात फळीवरची सगळी भांडी खाली आली होती, ताटल्या, पेले, डबे. त्या पसाऱ्यात झिपरू भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. आणि त्याच्यासमोर धाकली एका गडगडणाऱ्या स्टीलच्या पेल्यामागे लागली होती. पेला भिंतीला लागून परत यायचा, ती नेम धरायची, चुकवायची, नाकाने पेला आणखी पुढे ढकलायची, पडायची, उठायची. शेपूट चालूच.

"हिला कळलंच नाही, सुषमा," झिपरू म्हणाला. "सगळं घर हललं. वासे करकरले. मला वाटलं, ही आत एकटी, भिऊन जाईल. मी कधी उठलो, कधी उंबरा ओलांडला, मला आठवत नाही. आत आलो तर ही खेळतेय. भांडी पडली म्हणून खुश आहे. आपल्याला जे वर्षातून एकदा होतं, ते हिला रोज होतं गं. प्रत्येक पावलाला होतं. आणि ही त्यात खेळते."

सुषमा त्याच्या शेजारी बसली. पेला गडगडत तिच्या पायाशी आला. तिने तो परत धाकलीकडे सोडला.

झिपरूने मान वर केली. किती वर्षांनी तो आपल्याच घराचं छप्पर आतून बघत होता. त्याने एकेक वासा न्याहाळला, आढ्यापर्यंत नजर नेली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "एक खांब बदलायला हवा."

त्याच आठवड्यात त्याने हिराबाईच्या घरामागची जागा मोजली. विटा नकोत, असं त्याने तिला सांगितलं. कारवीचा कूड, हलका, लवणारा, आणि खांब बाहेर कललेले. पावसाळ्याच्या आत भिंत उभी राहिली. हलणं पूर्ण गेलं का, असं तुषारने त्याला एकदा विचारलं. "नाही," झिपरू म्हणाला. "हलतं. हलू दे."

पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरमध्ये, धाकलीच्या लसीसाठी डहाणूला जायचं होतं. या वेळी झिपरूही निघाला. ईकोत तो खिडकीशी बसला, धाकली त्याच्या मांडीवर. मयुराने तिला उभं करून, चालवून, पडू देऊन पुन्हा पुन्हा तपासलं.

"पायांत चांगलीच ताकद आलीय हिच्या. काय केलंत?"

"बाने तिला पळायची वाट बांधलीय," सुषमाने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. मयुराने तो तीनदा बघितला. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "आता भरती आहे. चला माझ्याबरोबर. मला एक गोष्ट करून बघायची आहे. पाण्यात अशा कुत्र्यांना बरं वाटतं, असं मी वाचलंय. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही."

डहाणूजवळच्या आगरच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपलीकडे करडं पाणी भरून आलं होतं. लाटा अगदीच लहान होत्या. झिपरूने समुद्र आयुष्यात खूपदा लांबून पाहिला होता, त्यात कधी उतरला नव्हता. तो ओल्या वाळूवर काठी रोवून उभा राहिला. सुषमाने साडी खोचली, धाकलीच्या पोटाखालून मयुराच्या ओढणीची झोळी घातली आणि तिला घेऊन ती पाण्यात शिरली. मयुरा बरोबर होती. गुडघा, मांडी, कंबर. धाकलीचे पाय वाळूवरून सुटले, तशी ती हादरली, तिने एकदम चारही पाय मारायला सुरुवात केली. सुषमाने झोळी घट्ट धरली.

"थांबा," मयुरा हळूच म्हणाली. "थोडी सैल करून बघा."

सुषमाने ओढणी सैल केली.

धाकली पोहत होती. मान पाण्यावर, कान चपटे, डोळे मोठे झालेले. आणि ती सरळ पोहत होती. ना डावीकडे कलंडत होती, ना उजवीकडे. सगळ्या बाजूंनी पाण्याने तिला धरलं होतं. मानेचं डुगडुगणं इतकं कमी झालं होतं की सुषमाला क्षणभर ही दुसरीच कुणी वाटली. जमिनीवर दोन पावलं नीट न टाकता येणारी ती कुत्री लाटा कापत, मागे बारीक रेघ सोडत चालली होती, जणू जन्मभर तिने दुसरं काही केलंच नव्हतं.

मयुरा डॉक्टर होती, तिला कारणं माहीत होती, तरी तिचे डोळे भरून आले.

"बा!" सुषमा ओरडली. "बा, बघतोस ना?"

झिपरू बघत होता. मग त्याने काठी वाळूत सोडली आणि कपड्यांसकट पाण्यात चालत आला. लाट आली की तो हलायचा, पाय पसरून उभा राहायचा, पुन्हा पुढे यायचा. छातीएवढ्या पाण्यात पोचल्यावर त्याने हात पुढे केले. धाकलीने त्याला पाहिलं आणि वळली. ती वळतानाही पडली नाही. सरळ त्याच्याकडे आली.

तो तिला बोलावत नव्हता. एखाद्या थोरामोठ्यापुढे उभं राहावं तसा तो उभा होता.

धाकली त्याच्या हातांपर्यंत आली, त्याच्या भोवतीने एक फेरी मारली आणि परत सुषमाकडे निघाली. मग परत त्याच्याकडे. किनाऱ्यावर जाळं गोळा करणारी एक बाई थांबून बघत राहिली. तिला त्यात काही विशेष दिसलं नसेल. कुत्रं पोहतं, त्यात काय एवढं?

शेवटची ईको साडेपाचला सुटते, हे सुषमाला माहीत होतं. तिने दोनदा हाकही मारली. धाकली पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती, आणि झिपरूही.